खाचेतल्या मॉड्यूलची ओळख

नेटवर्क स्विचच्या दर्शनी पट्टीवर चौकोनी खाचांची ओळ असते. काही खाचांत धातूची लहानशी डबी सरकवून बसवलेली असते आणि तिच्या तोंडातून बारीक पिवळी केबल बाहेर येते. ही डबी म्हणजे प्रकाशतंतूचे ट्रान्सीव्हर मॉड्यूल. कामावरची माणसे तिला ‘एसएफपी’ म्हणतात. स्विचच्या आत माहिती विजेच्या स्पंदांतून फिरते आणि तंतूत प्रकाशाच्या स्पंदांतून. विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची वीज करण्याचे काम या डबीचे. तिची रुंदी १३.४ मिलिमीटर, उंची ८.५ मिलिमीटर आणि लांबी साधारण ५६.५ मिलिमीटर. ही मापे उत्पादक कंपन्यांनी २००० साली आपसातल्या कराराने ठरवली, म्हणून कोणाचीही डबी कोणाच्याही खाचेत बसते.

अडचणही याच सोयीतून येते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या डब्यांपैकी एकीचा प्रकाश शेजारच्या रॅकपुरता असतो, दुसरीचा शेजारच्या गावापर्यंत जातो आणि तिसरीचा चाळीस किलोमीटर. एक डबी दोन तंतू मागते, दुसरीचे एकावर भागते. खाचेत नेमके कोणते मॉड्यूल आहे हे ठाऊक नसेल तर बिघाडाच्या वेळी कोणते सुटे मॉड्यूल बरोबर न्यायचे तेही कळत नाही. आणि पाहण्यासाठी मॉड्यूल उपसले की चालू लिंक बंद पडते. म्हणून ओळख पटवायची ती मॉड्यूल जागेवर ठेवूनच.

खुलताबादची तीन अंतरे

ही अंतरे किती वेगळी असतात ते खुलताबादच्या उदाहरणाने पाहू. छत्रपती संभाजीनगरहून निघालेला रस्ता दौलताबादच्या किल्ल्याजवळून घाट चढतो आणि खुलताबादच्या पठारावर येतो. हे अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. पुढे चार-पाच किलोमीटरवर घाट उतरला की वेरूळ, तिथली लेणी आणि घृष्णेश्वर. खुलताबादेत तहसील कार्यालय आहे, पंचायत समिती आहे. सातबाऱ्याचा उतारा, दाखले, रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र ही रोजची कामे आता नेटवर्कवर चालतात. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी शहरातून लोक पायी येतात, दर्ग्यांच्या उरुसाला गर्दी होते. एवढ्या माणसांच्या मोबाइलचा भार टॉवर झेलतो आणि पुढे तंतूवर सोपवतो.

अशा गावात मॉड्यूलसमोर तीन प्रकारची अंतरे येतात: एकाच खोलीतले दोन रॅक, वेरूळसारखे शेजारचे गाव आणि घाटाखालचे शहर. तंतूतून जाताना प्रकाश क्षीण होतो. ही घट डेसिबलमध्ये मोजतात. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची एका किलोमीटरमागे साधारण ०.३५ डेसिबल घट होते. पाच किलोमीटरला ती पावणेदोन डेसिबल, पंचवीस किलोमीटरला पावणेनऊ. त्यात सांधे आणि कनेक्टर यांचे दोन-तीन डेसिबल मिळवले की शहरापर्यंतचा आकडा बाराच्या आसपास जातो. ‘१० किलोमीटर’ असे लिहिलेल्या एक गिगाबिटच्या साध्या मॉड्यूलजवळ हिशेबात धरण्याजोगे दहा-अकरा डेसिबलच असतात. म्हणजे वेरूळला ते आरामात पोहोचते, शहराला पोहोचत नाही. तिथे १५५० नॅनोमीटरचे, लांब पल्ल्याचे मॉड्यूल लागते, कारण त्या तरंगलांबीला किलोमीटरमागे घट ०.२ डेसिबलच्या जवळपास असते. शिवाय जमिनीखालची केबल रस्त्यापेक्षा नेहमी थोडी लांब भरते. पुढच्या जोडकामासाठी जागोजाग तिची वेटोळी राखून ठेवलेली असतात.

जमिनीखालून वाहणारे आणि वरून न दिसणारे काही सांभाळण्याची रीत या मुलखाला नवी नाही. खुलताबादेत ज्याची कबर आहे त्या मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या छत्रपती संभाजीनगरला भूमिगत नहरीने पाणी आणले. ती नहर वरून दिसत नाही. वाटेतली मनोऱ्यासारखी बांधकामे आणि तिच्यात उतरण्याची तोंडे एवढाच तिचा माग. तंतूचेही तसेच आहे. मैलोन्‌मैल पुरलेल्या केबलची हालहवाल कळते ती दोन टोकांना, आणि त्या टोकांशी बसलेले असते मॉड्यूल.

जिल्ह्यातली काच, गावातला प्रकाश

भारतातला पहिला प्रकाशतंतू दुवा १९७९ साली पुण्यात, स्थानिक टेलिफोन एक्स्चेंजांच्या दरम्यान सुरू झाला. आज काचतंतू खुद्द छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात तयार होतो. स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने वाळूज आणि शेंद्रा इथे आहेत. अतिशुद्ध काचेचा दांडा तापवून त्यातून १२५ मायक्रॉन जाडीचा तंतू ओढतात. त्याचा प्रकाश वाहणारा गाभा सिंगल मोड प्रकारात नऊ मायक्रॉनच्या आसपास असतो, मल्टिमोड प्रकारात ५० किंवा ६२.५ मायक्रॉन. नऊ मायक्रॉनच्या गाभ्यात प्रकाश नेमका सोडायचा तर लेसरही तितकाच नेमका बसवावा लागतो. मॉड्यूलची किंमत आणि पल्ला यावर ठरतो.

ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे तिचे नाव ‘भारतनेट’ झाले. पहिल्या टप्प्याची रचना झाडासारखी होती. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ओएलटी हे यंत्र, तिथून निघालेल्या एका तंतूच्या स्प्लिटरमध्ये फांद्या आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत ओएनटी हे टोकाचे यंत्र. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत वर्तुळाकार मांडणी आली. एका बाजूने केबल तुटली तर वाहतूक दुसऱ्या बाजूने वळते. वर्तुळावरच्या प्रत्येक ठिकाणाला दोन दिशा असतात, म्हणून मॉड्यूलही किमान दोन लागतात. दोन्ही दिशांची अंतरे वेगळी असली की एकाच यंत्रात शेजारी-शेजारी दोन वेगळ्या जातींची मॉड्यूल येतात. ओळख चुकण्याची शक्यता इथे वाढते.

डोळ्यांनी वाचण्याच्या खुणा

पाहणीची सुरुवात आकारापासून होते. एक गिगाबिटचे एसएफपी, दहा गिगाबिटचे एसएफपी प्लस आणि पंचवीस गिगाबिटचे एसएफपी २८ ही तिन्ही एकाच मापाची. चार मार्गिका एकत्र नेणारे क्यूएसएफपी मात्र रुंद असते, १८ मिलिमीटरहून थोडे अधिक. तेव्हा आकारावरून कुटुंब कळते, वेग कळत नाही.

दुसरी खूण मॉड्यूल बाहेर ओढण्यासाठी असलेल्या कडीच्या रंगाची. काळी किंवा फिकट बदामी कडी बहुधा ८५० नॅनोमीटरच्या मल्टिमोड मॉड्यूलची, निळी १३१० नॅनोमीटरच्या सिंगल मोडची. दहा गिगाबिटमध्ये लाल कडी चाळीस किलोमीटरच्या आणि पांढरी ऐंशी किलोमीटरच्या मॉड्यूलला देण्याची पद्धत आहे. हा रिवाज आहे, बंधन नाही. म्हणून रंगावरून अंदाज बांधावा, निर्णय देऊ नये.

तिसरी खूण पॅचकॉर्डची, म्हणजे मॉड्यूलला जोडलेल्या छोट्या केबलची. पिवळे वेष्टन सिंगल मोडचे, नारिंगी जुन्या मल्टिमोडचे, आकाशी नव्या मल्टिमोडचे. कनेक्टरचे तोंड निळे असेल तर तंतूचे टोक सरळ घासलेले असते, हिरवे असेल तर तिरके. दोन तंतूंची जोडी असेल तर एक पाठवण्याचा आणि एक घेण्याचा. एकच तंतू दिसला तर मॉड्यूल दुहेरी वाहतुकीचे समजावे: एका तंतूवर १४९० नॅनोमीटरने जायचे आणि १३१० ने यायचे. अशी मॉड्यूल जोडीने चालतात. एका टोकाला १४९० पाठवणारे असेल तर दुसऱ्या टोकाला १३१० पाठवणारेच हवे. दोन्हीकडे एकाच जातीचे बसले तर दोन्ही चांगली असूनही लिंक येत नाही. झाडासारख्या रचनेतल्या ओएलटीमधले जीपॉन मॉड्यूलही याच दोन तरंगलांबींवर चालते, पण त्याची घेण्याची पद्धत वेगळी असते. अनेक ओएनटी आळीपाळीने क्षणभर बोलतात आणि ते तुटक प्रकाश टिपायला त्याचा ग्राहक, म्हणजे प्रकाश घेणारा भाग, खास बनवलेला असतो. तरंगलांबी सारखी म्हणून ते साध्या इथरनेट मॉड्यूलच्या जागी चालत नाही.

छापील लेबल बहुधा डबीच्या पाठीवर किंवा पोटावर असते आणि बसवल्यावर खाचेत दडते. डोळ्यांची मर्यादा इथे संपते.

एक दक्षता कायम पाळायची. मॉड्यूलच्या किंवा मोकळ्या तंतूच्या तोंडात डोळा लावून पाहायचे नाही. हा प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही. दिसला नाही म्हणजे तो नाही असे होत नाही. प्रकाश आहे की नाही हे पॉवर मीटरने पाहावे आणि मोकळ्या तोंडावर धूळटोपी लावावी.

मॉड्यूलची स्वतःची स्मृती

प्रत्येक मॉड्यूलमध्ये एक छोटी स्मृतिचिप असते. कारखान्यातून निघतानाच मॉड्यूलची कुंडली तिच्यात लिहिलेली असते. एसएफपीच्या मागच्या कडेला वीस सोनेरी टोके असतात. त्यातले एक स्विचला एवढेच सांगते की खाच भरलेली आहे. दोन टोकांवरून स्विच ही कुंडली वाचतो. मॉड्यूल बसल्याबरोबर हे वाचन होते आणि पुढे कितीही वेळा करता येते. त्यासाठी प्रकाशाची वाहतूक थांबवावी लागत नाही.

कुंडलीचा पहिला भाग २५६ घरांचा, ० पासून २५५ पर्यंत. शून्याव्या घरात जात: ३ म्हणजे एसएफपी कुटुंब, १३ म्हणजे क्यूएसएफपी प्लस, १७ म्हणजे क्यूएसएफपी २८. एसएफपीच्या मांडणीत दुसऱ्या घरात कनेक्टर असतो: ७ म्हणजे एलसी, १ म्हणजे एससी, ३४ म्हणजे तांब्याच्या तारेचा आरजे ४५. तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत मॉड्यूल कोणत्या प्रमाणात बसते ते. बाराव्या घरात वेग, शंभर मेगाबॉडच्या पटीत: १३ दिसले तर एक गिगाबिटचे मॉड्यूल, १०३ दिसले तर दहा गिगाबिटचे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या डब्यांचा वेग इथे उघड होतो. चौदाव्या घरात सिंगल मोड तंतूवरचा पल्ला किलोमीटरमध्ये.

वीस ते पस्तीस या सोळा घरांत उत्पादकाचे नाव, चाळीस ते पंचावन्न घरांत भाग क्रमांक, अडुसष्ट ते त्र्याऐंशीत अनुक्रमांक. चौऱ्याऐंशीपासून निर्मितीची तारीख: आधी वर्षाचे दोन अंक, मग महिना, मग दिवस. साठ आणि एकसष्ट या घरांत तरंगलांबी. पहिल्या घरातला आकडा २५६ ने गुणून त्यात दुसऱ्या घरातला मिळवायचा. ५ आणि ३० असतील तर १३१०, ३ आणि ८२ असतील तर ८५०, ६ आणि १४ असतील तर १५५०.

त्रेसष्टाव्या घरात बेरजेची पडताळणी असते. आधीच्या सगळ्या घरांची बेरीज करून तिचा शेवटचा बाइट इथे लिहिलेला असतो. तो जुळला नाही तर स्मृती बिघडली आहे किंवा कोणी तिच्यात अर्धवट फेरफार केला आहे असे समजावे.

स्विचला विचारण्याच्या रीती

ही घरे हाताने वाचण्याची वेळ क्वचितच येते. स्विचच वाचून दाखवतो. सिस्कोच्या यंत्रावर ‘शो इन्व्हेंटरी’ ही आज्ञा दिली की प्रत्येक खाचेतल्या मॉड्यूलचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक समोर येतो; ‘शो इंटरफेसेस ट्रान्सीव्हर’ने प्रकाशाचे आकडे मिळतात. ज्युनिपरवर ‘शो चासी हार्डवेअर’ आणि ‘शो इंटरफेसेस डायग्नॉस्टिक्स ऑप्टिक्स’. हुआवेच्या यंत्रांवर ‘डिस्प्ले ट्रान्सीव्हर’. लिनक्सच्या सर्व्हरवर ‘ईथटूल’ला ‘एम’ हा पर्याय दिला की शून्याव्या घरापासून सगळी कुंडली छापून येते. आज्ञा वेगवेगळ्या असल्या तरी त्या वाचतात तीच स्मृती, म्हणून एका यंत्रावर शिकलेले दुसऱ्यावर कामी येते.

यंत्रे अनेक असतील तर प्रत्येकात शिरून आज्ञा देणे परवडत नाही. त्यासाठी एसएनएमपी हा मार्ग आहे. यातल्या ‘एन्टिटी’ तक्त्यात यंत्राच्या प्रत्येक भागाचे वर्णन, मॉडेल आणि अनुक्रमांक मिळतात. शहरातल्या नियंत्रण कक्षातून एका फेरीत तालुक्या-तालुक्यातल्या सगळ्या स्विचची मॉड्यूल वाचता येतात आणि घाट चढण्याआधीच गाडीत कोणते सुटे मॉड्यूल ठेवायचे ते ठरते. शेजारच्या यंत्राची ओळख सांगणाऱ्या एलएलडीपी या प्रोटोकॉलने आणखी एक गोष्ट कळते: या खाचेच्या पलीकडच्या टोकाला कोणते यंत्र आणि त्याची कोणती खाच आहे. जोडीतल्या दोन्ही टोकांची ओळख पटली म्हणजे लिंकची ओळख पूर्ण होते.

प्रकाशाची नाडी

बहुतेक नवी मॉड्यूल स्वतःची तब्येतही सांगतात. त्यासाठी स्मृतीचा दुसरा भाग असतो आणि त्यात पाच मोजमापे सतत अद्ययावत होत राहतात: तापमान, विजेचा दाब, लेसरचा प्रवाह, पाठवलेला प्रकाश आणि मिळालेला प्रकाश. प्रकाशाचा आकडा डीबीएममध्ये येतो. शून्य म्हणजे एक मिलिवॉट, उणे तीन म्हणजे त्याचा अर्धा, उणे दहा म्हणजे दहावा भाग, उणे वीस म्हणजे शंभरावा. उणे चाळीसच्या जवळ गेलेला आकडा म्हणजे प्रकाश येतच नाही.

हे आकडे एकमेकांशी लावून वाचायचे असतात. पाठवलेला प्रकाश नेहमीचा आणि मिळालेला उणे चाळीस, तर मधली केबल तुटली किंवा समोरचे यंत्र बंद आहे. रस्त्याच्या रुंदीकरणाच्या खोदकामात केबल गेली की हेच दिसते. मिळालेला प्रकाश एका रात्रीत उणे बारावरून उणे सतरावर आला तर कुठेतरी तंतू दुमडला किंवा सांधा खराब झाला. लिंक अजून चालू असते, पण तिचे दिवस भरत आलेले असतात. पाठवलेला प्रकाश तेवढाच आणि लेसरचा प्रवाह महिन्यागणिक चढता, तर लेसर थकत चालला आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेर पारा चाळीसच्या वर जातो. बंद पेटीतल्या स्विचचे तापमान त्याहून पुष्कळ अधिक असते. साधी मॉड्यूल ७० अंशांपर्यंतची असतात, औद्योगिक दर्जाची ८५ अंशांपर्यंत. उघड्यावरच्या पेटीत कोणते बसले आहे याला म्हणूनच महत्त्व आहे.

लांब पल्ल्याचे मॉड्यूल जवळच्या अंतराला लावणेही धोक्याचे. दहा गिगाबिटचे चाळीस किलोमीटरचे मॉड्यूल अधिक चार डीबीएमपर्यंत प्रकाश पाठवू शकते, आणि त्याच जातीच्या ग्राहकाला उणे एकच्या वर प्रकाश सोसत नाही. अशी दोन मॉड्यूल एका खोलीत छोट्या पॅचकॉर्डने जोडली तर ग्राहक दिपतो, प्रसंगी कायमचा निकामी होतो. मध्ये प्रकाश कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर लावावा लागतो.

स्मृतीही फसवते तेव्हा

मॉड्यूलची स्मृती पुन्हा लिहिता येते. काही स्विच आपल्याच कंपनीचे नाव दिसले तर मॉड्यूल स्वीकारतात, नाही तर खाच बंद ठेवतात. म्हणून इतर उत्पादक स्विचला चालेल असा मजकूर लिहून मॉड्यूल देतात. हा व्यवहार उघडपणे चालतो आणि अशी मॉड्यूल वर्षानुवर्षे नीट काम करतात. पण याच सोयीचा आधार घेऊन नकली मालही येतो. कमी पल्ल्याच्या मॉड्यूलच्या स्मृतीत मोठा पल्ला लिहिलेला असला तर स्विच तो खरा मानतो. लेसर मात्र लिहिल्याने बळकट होत नाही.

नकली मालाच्या खुणा ताळा घेतल्यावर सापडतात. दोन मॉड्यूलचा अनुक्रमांक एकच. लेबलवरचा भाग क्रमांक आणि स्मृतीतला भाग क्रमांक वेगळा. स्मृतीत १५५० नॅनोमीटर आणि तरंगलांबी मोजणाऱ्या यंत्रावर १३१०. चाळीस किलोमीटरच्या मॉड्यूलचा पाठवलेला प्रकाश दहा किलोमीटरच्या मॉड्यूलएवढाच. यातली एकही खूण दिसली तर ते मॉड्यूल महत्त्वाच्या लिंकवर ठेवू नये. म्हणून ओळख तीन साक्षींवर उभी करावी: डोळ्यांना दिसणारे, स्मृतीत लिहिलेले आणि प्रकाशाने सांगितलेले.

नोंदवही

पटलेली ओळख लिहून ठेवली नाही तर पुढच्या बिघाडाला सगळे पहिल्यापासून करावे लागते. नोंद खाचेगणिक असावी: यंत्राचे नाव, खाचेचा क्रमांक, मॉड्यूलचा उत्पादक, भाग क्रमांक, अनुक्रमांक, तरंगलांबी, पल्ला, पलीकडचे टोक, तंतूचा क्रमांक. त्याबरोबर लिंक निरोगी असतानाचा मिळालेला प्रकाश तारखेसह लिहावा. उणे सतरा हा आकडा एकटा काही सांगत नाही. गेल्या दिवाळीत तो उणे बारा होता हे लिहिलेले असले तरच तो बोलतो. उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा वाचन करून जुन्या आकड्यांशी ताडून पाहावे.

मॉड्यूल बदलतानाही याच क्रमाने जावे. आधी जुन्याचे वाचन उतरवून घ्यावे आणि सुट्या मॉड्यूलची जात, तरंगलांबी, पल्ला लेबलवरून ताडावा. ती खाच स्विचमधून बंद करावी, कनेक्टर काढून त्याचे टोक पुसावे, कडी खाली करून जुने मॉड्यूल सरळ ओढावे. नवे ‘कट्’ आवाज येईपर्यंत सरकवावे आणि कनेक्टर लावावा. मग खाच चालू करून स्मृती वाचावी, मिळालेला प्रकाश पाहावा, दूरच्या टोकालाही तोच तपास करावा. काढलेल्या मॉड्यूलवर तारीख आणि कारण लिहिलेली चिठ्ठी लावून ते चांगल्या मॉड्यूलपासून वेगळे ठेवावे, नाही तर तेच पुन्हा कुठल्या तरी खाचेत जाते. शेवटी नोंदवहीतली जुनी ओळ रद्द करून नवी लिहावी. वहीतला अनुक्रमांक आणि मॉड्यूलने स्वतः सांगितलेला अनुक्रमांक एक आला की त्या खाचेची ओळख पुरी झाली.